हात धुतले, पण नोंद कुठे?

पलंगावरची चादर चारही बाजूंनी ताणायची, कोपरा पंचेचाळीस अंशांत दुमडून गादीखाली खोचायचा, वर एकही सुरकुती राहता कामा नये. नर्सिंगच्या पहिल्या वर्षात मुली हे शिकतात तेव्हा त्यांना ते घरचेच काम वाटते. मग वॉर्डात गेल्यावर कळते की महिनाभर उताणी पडून असलेल्या म्हातारीच्या पाठीखाली एक सुरकुती राहिली तर कातडी सोलवटते आणि तिथे सुरू झालेली जखम हाडापर्यंत जाऊ शकते. म्हणूनच बेड मेकिंगला परीक्षेत गुण असतात. हात धुण्याला असतात, थर्मामीटर लावण्याला असतात, इंजेक्शनचा ट्रे मांडण्याला असतात. रुग्णाला कुशीवर वळवण्याआधी ‘काकू, आता तुम्हाला या बाजूला वळवते हं’ असे सांगण्यालाही असतात.

या गुणांवरून वाद झाला तर तो मिटवणे फार अवघड जाते. समजा, लांजा तालुक्यातल्या एका गावची मुलगी रत्नागिरीत राहून नर्सिंगचा अभ्यासक्रम करते आहे. निकाल लागतो. लेखी सगळे विषय सुटलेले, प्रात्यक्षिकात मात्र ती नापास. ती म्हणते, ड्रेसिंगच्या आधी मी हात धुतले होते. परीक्षकांनी त्या टप्प्याचे गुण दिलेले नाहीत. लेखी पेपर असता तर कपाटातून उत्तरपत्रिका काढून दोघांच्या मध्ये ठेवता आली असती. इथे काय ठेवणार? पेशंट घरी गेला, ट्रे आवरला गेला, बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम दुसऱ्या दिवशी दुसऱ्या केंद्रावर गेल्या. मागे उरला तो एक आकडा आणि दोन सह्या.

दाद मागायची तर आधी एक साधी गोष्ट माहीत हवी, की परीक्षा नेमकी कोणाची होती. घरच्यांना सगळेच ‘नर्सिंग’ वाटते. कागदावर मात्र चार निरनिराळे रस्ते आहेत. पहिला रस्ता एएनएम आणि जीएनएमचा; या अभ्यासक्रमांच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. त्यासाठीचा कायदा २०१३ चा. दुसरा रस्ता बी.एस्सी. नर्सिंगचा; ही पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, ज्याची स्थापना १९९८ मधली. या तिन्ही अभ्यासक्रमांपैकी काहीही पास झाल्यावर १९६६ च्या कायद्याखालच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करायची, तेव्हा ती मुलगी कायद्याने परिचारिका होते. तिसरा रस्ता परिचारिकेच्या हाताखाली काम करणाऱ्या मदतनिसाचा. त्याला अधिकृत नाव जनरल ड्युटी असिस्टंट. प्रमाणपत्र हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलच्या चौकटीत मिळते, आणि प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतून २०१५ पासून देशभर हजारो मुलामुलींनी तो अभ्यासक्रम केला. चौथा रस्ता खासगी संस्थांच्या सहा महिन्यांच्या, वर्षाच्या ‘नर्सिंग असिस्टंट’ कोर्सचा. त्यावर परिचर्या परिषदेची नोंदणी मिळत नाही, आणि ही गोष्ट प्रवेशाच्या दिवशी सांगितली जात नसेल तर पालकांनी ती मुद्दाम विचारून घेतली पाहिजे. अशा कोर्सच्या परीक्षेत नापास झाल्यावर ज्याच्याकडे दाद मागायची असे वरचे मंडळच नसते.

परीक्षा रत्नागिरीत, फाइल मुंबईत, नाशिकमध्ये किंवा दिल्लीत. गावातून सकाळच्या एसटीने शहरात येणाऱ्या मुलीसाठी हे अंतर छोटे नाही.

या कामाची गरज मात्र तिच्या अंगणापासूनच सुरू होते. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख १५ हजार होती आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रिया ११२२, राज्यातले सर्वांत मोठे प्रमाण. कारण कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे: कमावता पुरुष मुंबईला, घरी बायका आणि म्हातारी माणसे. मंडणगडपासून राजापूरपर्यंत अशी घरे आहेत जिथे आजीला अर्धांगवायू झाला की तिला दोन वेळा कूस बदलून द्यायला, लघवीची पिशवी रिकामी करायला शिकलेला हात लागतो. कोविडने ही टंचाई उघडी पाडली. १८ जून २०२१ रोजी केंद्र सरकारने सहा प्रकारच्या आरोग्य मदतनिसांचे झटपट प्रशिक्षण सुरू केले, त्यात घरी जाऊन रुग्ण सांभाळण्याचे कामही होते. २६ राज्यांतली १११ केंद्रे आणि एक लाखाहून अधिक जणांचे उद्दिष्ट. माणसे इतक्या वेगाने तयार करायची तर त्यांची चाचणीही तितक्याच नेटकेपणाने झाली पाहिजे, हे उघड आहे.

चाचणी होते कशी? बी.एस्सी. नर्सिंगसाठी भारतीय परिचर्या परिषदेने घालून दिलेले नियम बरेच स्पष्ट आहेत. प्रात्यक्षिक त्या त्या विषयाच्या वॉर्डातच व्हावे. प्रत्येक विद्यार्थिनीची परीक्षा एक अंतर्गत आणि एक बहिःस्थ असे दोन परीक्षक मिळून घेतील. एका दिवशी २० पेक्षा जास्त उमेदवार नसावेत. लेखी आणि प्रात्यक्षिकात स्वतंत्रपणे पास व्हावे लागते, आणि उत्तीर्ण होण्याची रेघ ५० टक्क्यांवर आहे. परिषदेच्या जुन्या अभ्यासक्रमात याहून एक कडक कलम होते: लेखी किंवा प्रात्यक्षिक यांपैकी एकात नापास झाल्यास दोन्ही पुन्हा द्यायची. म्हणजे हात धुण्याच्या वादात अडकलेल्या मुलीने त्याच विषयाचा, समजा मेडिकल-सर्जिकलचा, सुटलेला पेपरही परत लिहायचा.

आता वीस उमेदवारांचे गणित करून पाहावे. आठ तासांचा दिवस धरला आणि मधली जेवणाची सुट्टीही काढली नाही, तरी एकीच्या वाट्याला चोवीस मिनिटे येतात. तेवढ्यात रुग्णाची माहिती घेणे, काळजीचा आराखडा सांगणे, एखादी प्रोसिजर करून दाखवणे आणि वर व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. परीक्षक कितीही प्रामाणिक असले तरी विसाव्या मुलीकडे ते पहिलीइतक्याच ताज्या नजरेने पाहतील, असे समजणे माणसाच्या स्वभावाला धरून नाही. शिवाय पेशंट सारखे नसतात. एकीला शांत, बोलके आजोबा मिळतात. दुसरीला वेदनेने कण्हणारा, हात लावू न देणारा माणूस मिळतो. तिची कसोटी आपोआप अवघड होते, गुणपत्रिकेत त्याचा कुठेही उल्लेख नसतो.

स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये नेमक्या याच दुखण्यावर उपाय मांडला. ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या त्यांच्या लेखातून ‘ओस्की’ ही परीक्षापद्धत जगभर गेली. एकाच रुग्णावर, एकाच परीक्षकासमोर सगळी परीक्षा द्यायची नाही. ठरावीक मिनिटांची अनेक ठाणी मांडायची, प्रत्येक ठाण्यावर सगळ्या उमेदवारांना तेच काम, आणि परीक्षकाच्या हातात आधीच छापलेली यादी. हात धुतले का, होय की नाही. रुग्णाचे नाव विचारून खात्री केली का, होय की नाही. कडक परीक्षक आणि सैल परीक्षक हा प्रश्न यानेही पूर्ण सुटला नाही. ब्रिटनच्या वैद्यकीय शिक्षणात अशांना ससाणे आणि कबुतरे म्हणतात, आणि त्यांच्या गुणांतला फरक मोजण्याचे संख्याशास्त्र तिथे तयार झाले आहे. पण दहा ठाण्यांवर दहा परीक्षक असले की एका ससाण्याच्या चोचीत सगळे वर्ष सापडत नाही. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम बदलला तेव्हा ओस्कीला त्यात जागा दिली. हा बदल एएनएमच्या आणि मदतनिसांच्या परीक्षांपर्यंत तितक्याच ताकदीने उतरायला हवा, कारण तिथल्या मुलींकडे दुसऱ्यांदा फी भरायला पैसे सर्वांत कमी असतात.

जनरल ड्युटी असिस्टंटच्या बाबतीत एक चांगली गोष्ट आधीच आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. या कामाचे पात्रता-पुस्तक सर्वांसाठी खुले आहे. त्यात रुग्णाला अंघोळ घालणे, कपडे बदलणे, भरवणे, उचलून खुर्चीत बसवणे, संसर्ग टाळणे अशा प्रत्येक कामाचे निकष आणि त्यांना किती गुण हे छापलेले असते. प्रशिक्षण देणारी संस्था आणि मूल्यमापन करणारी संस्था वेगळ्या असतात. नापास झालेल्याला पुन्हा मूल्यमापन मागता येते, असेही त्यात म्हटले आहे. परीक्षेआधी ही पाने वाचलेला उमेदवार ‘मला कमी गुण का’ असे विचारत बसत नाही. ‘अमुक निकषाला माझे गुण किती’ असे विचारू शकतो. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते.

अमेरिकेत या मदतनिसांच्या परीक्षेचा पाया कायद्याने घातला. तिथल्या वृद्धाश्रमांची दुर्दशा चव्हाट्यावर आली, आणि डिसेंबर १९८७ मध्ये तिथल्या संसदेने, काँग्रेसने, शुश्रूषागृहांच्या सुधारणेचा कायदा केला. मदतनिसाला किमान ७५ तासांचे प्रशिक्षण, मग लेखी किंवा तोंडी परीक्षा, आणि सोबत प्रत्यक्ष कौशल्याची चाचणी. त्या कायद्याखालच्या केंद्रीय नियमांत एक कलम आहे, ज्याची किंमत नापास झालेल्यालाच कळेल. उमेदवार उत्तीर्ण झाला नाही तर तो कोणत्या भागात कमी पडला हे त्याला सांगितलेच पाहिजे, आणि परीक्षा देण्याच्या किमान तीन संधी त्याला आहेत हेही सांगितले पाहिजे. तीनपेक्षा कमी संधी कोणतेही राज्य ठेवू शकत नाही.

तिथल्या बऱ्याच राज्यांत वापरल्या जाणाऱ्या परीक्षेत पाच कामे करून दाखवायची असतात. हात धुणे प्रत्येकाच्या वाट्याला येतेच. बाकीची चार कोणती हे त्या दिवशी कळते. प्रत्येक कामाचे टप्पे पुस्तिकेत आधीच दिलेले असतात आणि त्यांतले काही ठळक छापलेले. ठळक टप्पा चुकला की बाकी सगळे बरोबर असूनही ते काम गेले. मोजमापांतली चूक किती चालेल, हेही ठरलेले आहे. नाडीचा आकडा परीक्षकाच्या आकड्यापासून चार ठोक्यांच्या आत हवा, श्वास दोनच्या आत, रक्तदाब आठ मिलिमीटरच्या आत, मोजपात्रातली लघवी पंचवीस मिलिलिटरच्या आत. रक्तदाब घेताना दोघांच्या कानांना जोडलेला दुहेरी स्टेथोस्कोप वापरतात, म्हणजे तोच ठोका परीक्षकालाही ऐकू येतो. काम चालू असताना आपली चूक लक्षात आली तर ‘हे मी दुरुस्त करते’ असे सांगून तो टप्पा पुन्हा करता येतो. क्रमालाच महत्त्व असलेल्या टप्प्यांना ही सवलत नाही.

एवढे करूनही तिथे तंटे होतातच. परीक्षकाला पडद्याआडून दिसले नाही, सामान अपुरे होते, वेळ चुकीची मोजली, अशा तक्रारी येतात. पण तंट्याला धरायला जागा असते. आणि एक महत्त्वाची गोष्ट: तक्रार खरी ठरली तरी बहुधा नापासाचे पास होत नाही, परीक्षा पुन्हा मिळते. हे रास्तच आहे. परीक्षा सदोष झाली याचा अर्थ मुलीला काम येते असा होत नाही. तिला काम येते की नाही हे अजून कळलेले नाही, एवढाच होतो.

परीक्षकाच्या नजरेवर सगळे सोपवले की काय होते, याचे एक उदाहरण रत्नागिरी जिल्ह्याच्या इतिहासात आहे. दापोली तालुक्यातल्या मुरुडचा धोंडो केशव कर्वे नावाचा मुलगा १८७५ च्या सुमारास सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी भर पावसात घाट चढून साताऱ्याला गेला. शंभरावर मैलांची पायपीट. परीक्षेला बसायला सतराव्या वर्षाची अट होती. समोर उभा असलेला किरकोळ अंगाचा मुलगा परीक्षा मंडळाला तेवढ्या वयाचा दिसला नाही, आणि त्याला परत पाठवण्यात आले. ‘आत्मवृत्त’मध्ये कर्व्यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. पुढे ती परीक्षा ते पास झाले, आणि विधवांच्या, स्त्रियांच्या शिक्षणासाठी त्यांनी काय केले ते महाराष्ट्र जाणतो. अशा प्रसंगातून उठून उभे राहणारे लोक विरळा. साताऱ्याहून परत फिरून कायमचे घरी बसलेल्या मुलांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत.

आपल्याकडे परीक्षेच्या गुणांवरची न्यायालयीन लढाई महाराष्ट्रातूनच मोठी झाली. बारावीच्या विद्यार्थ्यांना उत्तरपत्रिका पाहायला किंवा फेरतपासून घ्यायला मनाई करणारा राज्य मंडळाचा नियम मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरवला होता. १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, परितोष भूपेशकुमार शेठ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात, तो निकाल फिरवला. न्यायमूर्ती बालकृष्ण इराडी यांच्या निकालपत्राचा आशय असा, की परीक्षा कशा घ्यायच्या हे शिक्षणातल्या जाणकारांनी ठरवावे, न्यायालयाने त्यात आपले मत घुसवू नये, आणि निकालाला कधीतरी अंतिम रूप मिळालेच पाहिजे. पुढची सत्तावीस वर्षे हे दार जवळपास बंद राहिले.

ते किलकिले झाले माहितीच्या अधिकारामुळे. ९ ऑगस्ट २०११ रोजी आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांनी सांगितले की तपासलेली उत्तरपत्रिका ही त्या विद्यार्थ्यासाठी ‘माहिती’ आहे आणि ती पाहण्याचा, तिची प्रत घेण्याचा त्याला हक्क आहे. दोन मर्यादा त्यांनी घातल्या: परीक्षकाची ओळख उघड करायची नाही, आणि नियमाप्रमाणे ती उत्तरपत्रिका जपून ठेवण्याची मुदत असेपर्यंतच हा हक्क चालतो. फेरतपासणीचा हक्क मात्र यातून मिळाला नाही. ११ डिसेंबर २०१७ च्या रणविजय सिंह निकालात न्यायमूर्ती मदन लोकूर यांनी सगळी सूत्रे एकत्र मांडली. नियमात फेरतपासणीची सोय असेल तर ती मिळेल. नियम गप्प असेल तर न्यायालय फक्त तेव्हाच हस्तक्षेप करेल, जेव्हा चूक तर्क लढवून शोधावी न लागता समोर लख्ख दिसेल. संशय उरला तर त्याचा फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला.

प्रात्यक्षिकात नापास झालेल्या मुलीने हे वाक्य दोनदा वाचावे. लख्ख दिसणारी चूक दाखवायची तर दिसायला काहीतरी शिल्लक हवे. लेखी परीक्षेत एखादे उत्तर तपासायचेच राहून गेले तर ते कागदावर दिसते. वॉर्डात परीक्षकाची नजर क्षणभर दुसरीकडे गेली, ते कशावर दिसणार? विद्यापीठांच्या आणि मंडळांच्या फेरतपासणीच्या नियमांतून प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा बहुधा वगळलेल्या असतात, त्याचे कारणही हेच आहे.

या अडचणीकडे सर्वोच्च न्यायालयाचे लक्ष फार आधी गेले होते. श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशात दीडशेपैकी पन्नास गुण मुलाखतीला ठेवले होते, आणि मुलांची मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली जात होती. अजय हसिया या नावाच्या त्या खटल्यात १३ नोव्हेंबर १९८० रोजी न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी तोंडी परीक्षेला पंधरा टक्क्यांहून अधिक वजन देणे मनमानी ठरवले. त्याच निकालात त्यांनी असेही सुचवले की मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात, म्हणजे काय विचारले गेले आणि काय उत्तर आले याचा त्याच वेळचा पुरावा राहील. तेव्हा त्यासाठी टेपरेकॉर्डर आणावा लागत होता. आज प्रत्येक परीक्षकाच्या पर्समध्ये कॅमेरा आहे, आणि तरी बहुतेक प्रात्यक्षिकांचा मागमूस राहत नाही. वॉर्डातल्या खऱ्या रुग्णाचे चित्रीकरण करणे गैर आहे, त्याची लाज आणि त्याचे दुखणे कोणाच्या वादाचा पुरावा होता कामा नये. पण कौशल्य प्रयोगशाळेत पुतळ्यावर होणारी परीक्षा चित्रित करायला काय हरकत आहे? आणि वॉर्डात निदान टप्प्याटप्प्याची छापील यादी, दोन्ही परीक्षकांनी एकमेकांचे न पाहता भरलेली, हे तर बिनखर्चाचे काम आहे.

ग्राहक न्यायालयाचा रस्ता अनेकांना सुचतो. तो मंडळाच्या परीक्षेसाठी बंद आहे. बिहार शालेय परीक्षा मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले, की परीक्षा घेणारे मंडळ सेवा विकत नाही आणि परीक्षार्थी ग्राहक नाही.

मग उरते काय? उरतो प्रक्रियेचा प्रश्न, आणि तो दुबळा नाही. ‘मला चांगले येत होते’ हा दावा सिद्ध करता येत नाही. ‘दोनऐवजी एकच परीक्षक हजर होते’, ‘एका दिवशी तीस मुली घेतल्या’, ‘प्रोसिजरसाठी निर्जंतुक ट्रेच दिला नव्हता’, ‘माझे गुण दुसऱ्या आसनक्रमांकापुढे चढले’ हे दावे कागदांवर तपासता येतात. त्यासाठी वेळ लवकर गाठावी लागते. परीक्षेच्या दिवशीच, निकाल कळण्याआधी, केंद्रप्रमुखांच्या नावे साध्या कागदावर अर्ज द्यावा: किती वाजता काय घडले, कोण हजर होते, काय कमी होते. त्याची पोच घ्यावी, आवक क्रमांक टाकून घ्यावा. प्रयोगशाळेत सीसीटीव्ही असेल तर चित्रण जपून ठेवण्याची विनंती त्याच अर्जात करावी, कारण ते काही दिवसांत पुसले जाते. निकालानंतर केलेली तक्रार नापासाचा राग म्हणून बाजूला पडते. निकालाआधीच्या तक्रारीला ते करता येत नाही.

दुसरा कागद माहिती अधिकाराचा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता, दीडशे शब्दांत, दहा रुपये फी भरून. मागायचे काय, यावर सगळे अवलंबून असते. ‘मी नापास का?’ हा प्रश्न माहितीत बसत नाही. प्रात्यक्षिकाच्या गुणांचा विषयवार आणि टप्पावार तक्ता, अंतर्गत आणि बहिःस्थ परीक्षकांनी दिलेले वेगवेगळे गुण, त्या दिवशीच्या उमेदवारांची हजेरी, परीक्षा नियमावलीची प्रत, हे कागद म्हणून अस्तित्वात असते आणि मागता येते. महाविद्यालय खासगी असले तरी मंडळ, परिषद आणि विद्यापीठ ही सार्वजनिक प्राधिकरणे आहेत, अर्ज तिकडे करावा. तीस दिवसांत उत्तर नाही आले तर वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून पहिले अपील, आणि तेही फसले तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या संबंधित खंडपीठाकडे दुसरे.

पदवीच्या विद्यार्थिनींना २०२३ पासून आणखी एक आधार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या तक्रार निवारण विनियमांत, मूल्यमापनातली अपारदर्शक किंवा अन्यायकारक पद्धत ही तक्रारीची बाब म्हणून नाव घेऊन नोंदवलेली आहे. समितीने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, समाधान झाले नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे जायचे. आणि उच्च न्यायालयापर्यंत जायची वेळ आलीच, तर रत्नागिरीकरांसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे. वकील गाठायला फोर्टात खोली शोधण्याची गरज राहिली नाही.

परीक्षकांची बाजूही ऐकली पाहिजे. बाहेरगावाहून येणाऱ्या या शिक्षिका दिवसभर उभ्या असतात, वॉर्डातल्या पेशंटना आणि नातेवाइकांना सांभाळत परीक्षा घेतात, आणि त्यांच्यावर एक ओझे असते जे गणिताच्या परीक्षकावर नसते. हात न धुता जखमेला हात लावणारी मुलगी त्यांनी पास केली तर उद्या कोणाच्या तरी आईच्या जखमेत पू होणार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शिकेत साबणाने हात धुण्याला चाळीस ते साठ सेकंद सांगितले आहेत. नळाखाली बोटे ओली करून घेणाऱ्या मुलीला खात्रीने वाटत असते की आपण हात धुतले. तिचे म्हणणे खोटे नसते आणि परीक्षकाचा शेराही खोटा नसतो. ‘वीस सेकंदच धुतले, मनगट आणि नखांच्या कडा राहिल्या’ एवढे जर लिहून दिले, तर त्या एका ओळीने निम्मे वाद जागीच संपतील आणि मुलगी ते आयुष्यभर विसरणार नाही.

भाषेचा प्रश्न याच्याही पलीकडचा आहे. मराठी माध्यमातून आलेली मुलगी पेशंटशी सुरेख बोलते आणि व्हायवात इंग्रजी प्रश्न आला की अडखळते. तिला येत नाही की तिला सांगता येत नाही, हे परीक्षकाने कसे ओळखायचे? ब्रिटनमध्ये हाच प्रश्न मोठ्या पातळीवर न्यायालयात गेला. तिथे जनरल प्रॅक्टिशनर होण्यासाठी द्यायच्या कौशल्य परीक्षेत भारतीय उपखंडातून आलेले डॉक्टर गोऱ्या स्थानिक डॉक्टरांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात नापास होत होते. भारतीय वंशाच्या डॉक्टरांच्या ‘बापिओ’ या संघटनेने रॉयल कॉलेजवर दावा लावला. एप्रिल २०१४ मध्ये न्यायमूर्ती मिटिंग यांनी परीक्षा कायदेशीर ठरवली, दावा फेटाळला. पण हा फरक दूर करायला कॉलेजने पावले उचलली पाहिजेत असे बजावले आणि संघटनेला नैतिक यश मिळाल्याचे म्हटले. ब्रिटनला नोकरीसाठी जाणाऱ्या आपल्या परिचारिकांना आज दहा ठाण्यांची ओस्की द्यावी लागते. थोडी ठाणी चुकली तर तेवढीच पुन्हा द्यायची असतात, सगळी नाही. इथल्या मुलीला सुटलेला लेखी पेपरही परत लिहायला लावणाऱ्या जुन्या नियमाशेजारी ही तरतूद ठेवून पाहिली तर तो नियम किती कडक होता ते सांगत बसावे लागत नाही.

लांज्याच्या त्या मुलीसाठी शेवटची गोष्ट व्यवहाराची. तक्रार चालू आहे म्हणून पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायचा थांबवू नये. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात, आणि फॉर्म भरला म्हणून तक्रार आपोआप मागे घेतली जात नाही. अर्जात तसे एक वाक्य लिहून ठेवले की झाले. माहिती अधिकाराची पहिली फेरीच अपिलासह दोन-तीन महिने खाते, न्यायालयाची त्याहून कितीतरी अधिक. तोवर पुरवणी परीक्षेची तारीख निघून गेली तर सहा महिने जातात, त्याबरोबर परिषदेची नोंदणी पुढे जाते आणि नोकरीही. टप्पावार गुणांचा तक्ता हाती आला, आणि त्यात हात धुण्यापुढे शून्य दिसले, तर तो तक्रारीला जोडायचा. आणि त्याच संध्याकाळी घड्याळ समोर ठेवून साठ सेकंद हात धुवायची सवय सुरू करायची, नखांच्या कडांसकट.